दोनशे अकरावा दिवस

“अण्णा लेकीकडं गेल्यात,” आक्काताई म्हणाल्या आणि त्याच वेळी मला त्यांच्या मागे खुंटीला अडकवलेली अण्णांची काठी दिसली.

गुरुवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. मी बाबगोंडा अण्णांच्या सोप्यात उभी होते आणि आक्काताई, म्हणजे त्यांची बायको, माजघराच्या दारात. दार त्यांनी अर्धवट ओढून घेतलं होतं. काठी न घेता कसे गेले, असं मी विचारलं. जावई मोटरसायकल घेऊन आला, गडबडीत काठी राहिली, असं त्या म्हणाल्या. मला शंका यायला हवी होती. ती यायच्या ऐवजी मला राग आला. वर्षभर घसा कोरडा करून म्हाताऱ्यांना काठ्या धरायला शिकवायचं आणि वर्गाच्या म्होरक्यानंच काठी घरात टाकून लेकीची इचलकरंजी गाठायची, म्हणजे कमाल झाली. शनिवारी समिती यायच्या आत त्यांना परत बोलावून घ्या, भाषण त्यांनाच करायचं आहे, असं मी बजावलं आणि निघाले. त्या घरातून मी चहा न घेता कधी निघाले नव्हते. त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही, आणि मी घाईत असल्यामुळे मला ते बरंच वाटलं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी तेव्हा करंजटेकच्या आरोग्य उपकेंद्रात नवीन होते. कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं सातशे वस्तीचं गाव. माझं वय अठ्ठावीस, अंगात रग आणि बोलायला तोंड. रुजू झाले त्याच आठवड्यात एक म्हातारी न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि तीन महिन्यांनी अंथरुणातच गेली. वय झालं होतं, असं म्हणून गावानं विषय संपवला. मला ते मुळीच पटलं नाही. वय झालं म्हणून माणूस जातं हे खरं, पण त्या बाईला वयानं नाही, शेवाळलेल्या दगडानं नेलं होतं. हे गाव म्हाताऱ्यांना पडू देणार नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि कामाला लागले.

दारादारातली गोणपाटं उचलायला लावली. अंधाऱ्या जिन्यांत दिवे लावून घेतले. न्हाणीत धरायला लोखंडी दांडे बसवले. पाट्या-वरवंट्याला टाकी लावत फिरणाऱ्या दोघी बहिणी दरवर्षी गावात यायच्या; त्यांना म्हटलं, यंदा पाटे राहू द्या, न्हाणीच्या गुळगुळीत दगडांना टाकी लावून ते खरबरीत करा. पाच दिवस गावभर टकटक चालली होती. मग रोज सकाळी समाजमंदिरात व्यायामाचा वर्ग सुरू केला. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. या वयात बाई आम्हाला तालमीला घालतेय, म्हणून आधी सगळे हसले. बाबगोंडा अण्णा मात्र पहिल्या दिवसापासून आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दूध संस्थेचे जुने सचिव. संस्थेत असताना थेंबभर पाणी घातलेलं दूध ते नुसतं बघून परत पाठवायचे, अशी ख्याती. ते आले म्हटल्यावर बाकीचे मुकाट्यानं आले.

फळ्याची कल्पना माझी, ती मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालणार नाही. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव दूध घालायला येतं, म्हणून संस्थेच्या दर्शनी भिंतीवर मी एक काळा फळा लावून घेतला. वर रंगानं लिहिलं होतं, ‘आज सलग इतके दिवस गावात कुणी पडलं नाही.’ खाली खडूनं आकडा. तो अण्णा स्वतः रोज सातच्या ठोक्याला बदलायचे, वळणदार अक्षरात. गावाला त्या आकड्याचं वेडच लागलं. दूध मापता मापता लोक आधी फळा बघायचे.

त्रेचाळिसाव्या दिवशी चंद्राबाई कुंभार नळावर घसरल्या. लंगडत लंगडत स्वतःच माझ्याकडे आल्या, खरं काय ते सांगितलं. पाय मुरगळला होता, बाकी काही नाही. मी पट्टी बांधली आणि मग संध्याकाळी, दुधाच्या ऐन गर्दीत, सगळ्यांसमोर आकडा पुसून शून्य लिहिलं. लोक चुकचुकले. मला वाटलं, छान झालं, धडा मिळाला. पुढे गावात त्यांना ‘शून्यवाली’ म्हणायला लागले. त्यांनी वर्गाला यायचं सोडलं. म्हातारी माणसं एकमेकांची थट्टा करायचीच, असं म्हणून मीही हसले. खोटं कशाला सांगू, चांगली मोठ्यानं हसले.

त्यानंतर गावात कुणी पडलंच नाही. शंभर दिवस झाले, दीडशे झाले, दोनशे झाले. तिघांतला एक म्हातारा वर्षातून एकदा तरी पडतो, हे मी पुस्तकात शिकले होते. करंजटेकात साठीच्या वरची नव्वद माणसं होती. सात महिने त्यांतलं एकही पडू नये, हे गणित बसत नव्हतं. पण आपलं कौतुक होत असताना गणित कोण घालतंय? मी वर अहवाल पाठवले, फोटो पाठवले. शेवटी तालुक्याची समिती यायचं ठरलं. आमचं गाव नमुना म्हणून निवडलं तर बाकीच्या गावांत माझीच पद्धत जाणार होती. मी हवेतच होते.

शनिवारी फळ्यावर दोनशे अकरा हा आकडा मीच लिहिला. अण्णा मंगळवारपासून नव्हते. संस्थेच्या अंगणात मांडव घातला होता. चाळीसेक म्हातारी माणसं धुवट कपड्यांत खुर्च्यांवर बसली होती. समितीत तिघं होती. प्रमुख एक वयस्कर डॉक्टरीणबाई, कमी बोलणाऱ्या. त्यांनी न्हाण्या बघितल्या, दांडे हलवून बघितले, टाकी लावलेल्या दगडांवरून स्वतः पाय घासून बघितला. मग फळ्यासमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, “ढोबळे, मी तीस वर्षं नोकरी केली, पण असा आकडा बघितला नाही.” मला ती शाबासकी वाटली. त्यांच्या बोलण्यातला प्रश्न मला ऐकूच आला नाही.

तेवढ्यात रिक्षातून अण्णांची लेक विजयमाला उतरली. हातात पेढ्यांचा पुडा, अंगावर ठेवणीतलं लुगडं. वडील समितीसमोर बोलणार म्हणून ती मुद्दाम आली होती. माझ्याजवळ येऊन तिनं हळूच विचारलं, “अण्णा दिसंनात? मागं बसल्यात का?”

मला वाटलं ती चेष्टा करतेय. “तुमच्याबरोबर नाही आले?”

“माझ्याबरोबर कसे येतील?”

“ते तुमच्याकडेच आहेत ना, मंगळवारपासून?”

विजयमाला माझ्याकडे बघत राहिली. “माझ्याकडं न्हाई आले,” ती म्हणाली. “मी चार दिवस फोन लावतीया, तर आई म्हणती ते रानात गेल्यात.”

मी आक्काताईंना शोधलं. त्या मांडवात नव्हत्याच. मग मी समोरच्या रांगांकडे बघितलं. कुणीतरी सांगेल, अहो ते अमुक ठिकाणी आहेत म्हणून. चाळीस माणसं होती आणि चाळीसही जण खाली बघत होते. एकही मान वर झाली नाही. ते दृश्य मी जन्मात विसरणार नाही. त्या सगळ्यांना माहीत होतं. काय ते मला अजून कळलं नव्हतं, पण मी सोडून सगळ्या गावाला ते माहीत होतं, एवढं मला त्या क्षणी कळलं.

आम्ही दोघी पळतच सुटलो. मागून समितीच्या बाई येत होत्या. घराचं दार उघडं होतं. विजयमालानं माजघराचं दार ढकललं आणि आंबेहळदीचा वास अंगावर आला. कोपऱ्यातल्या पलंगावर अण्णा उताणे पडले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आक्काताई उशाशी बसून होत्या. मी पांघरूण बाजूला केलं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पार वळून पडलं होतं. हे दुसऱ्या कुणाला सांगावं लागत नाही, खुबा मोडल्यावरच पाय असा दिसतो. मांडीवर हळदीचे थरावर थर वाळले होते.

“कधी?” मी विचारलं.

“मंगळवारी पहाटं,” आक्काताई म्हणाल्या. “गोठ्यात.”

मंगळवार ते शनिवार. पाच दिवस हा माणूस मोडलेला खुबा घेऊन इथे पडून होता. बुधवारी आक्काताई गुडघे दुखतात म्हणून माझ्याकडून गोळ्या घेऊन गेल्या होत्या, त्या यांच्यासाठी. गुरुवारी मी सोप्यात उभी होते तेव्हा अण्णा माझ्यापासून दहा पावलांवर होते. मी पलंगाच्या कडेला खाली बसले.

विजयमाला रडायला लागली. अण्णांनी तिला हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत ताप होता, पण माणूस पुरता शुद्धीवर होता.

“समिती गेली?” त्यांनी विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. बाई दारातच उभ्या होत्या, पण त्या त्यांना दिसल्या नसाव्यात.

“मग जाऊ द्या त्यांस्नी. आकडा पुसू नगा. आज शनवार. मी उद्या सकाळी पडतो. ऐतवारी पडलो म्हणून लिवा, म्हंजे सगळं येवस्थित बसतंय.”

आधी मला वाटलं, तापात बरळतायत. पण ते बरळत नव्हते. त्यांनी सगळं नीट ठरवलं होतं. रविवारी पडायचं, सोमवारी दवाखान्यात जायचं. फक्त पाच दिवस काढायचे होते.

“अण्णा, मी गुरुवारी दारात आले होते,” मी म्हणाले. “एक हाक मारायची होती.”

“आलासा की. ऐकू येत हुतं,” ते म्हणाले. “कण्हल्याचा आवाज जाईल म्हणून मी तोंडात टावेल धरला हुता.”

समितीच्या बाईंनी तोवर पुढे होऊन नाडी बघितली होती, पायाला दोन फळ्या बांधायला घेतल्या होत्या आणि रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं होतं.

रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात अंगण भरलं. मांडवातली सगळी म्हातारी माणसं काठ्या टेकत तिथे आली होती. मी बाहेर आले आणि माझा तोल सुटला. एक माणूस पाच दिवस आत मरणाच्या वेदना सोसत होता आणि तुम्ही मला लेकीकडे गेलेत म्हणून सांगत होता, असं मी ओरडले. मग मागून चंद्राबाई कुंभार पुढे आल्या. सात महिन्यांत त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

“म्याडम, तुमास्नी खरंच ठावं नव्हतं?”

“काय?”

त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी उचलली. कपाळाच्या वर बोटभर लांब खोक होती, नुकती भरून आलेली. तो म्हातारा रोज माझ्या वर्गात पहिल्या रांगेत एका पायावर उभा राहत होता. चंद्राबाईंनी दुसरीकडे बोट केलं, मग तिसरीकडे. ही बाई जिन्यावरून. हा रानात पाटाच्या कडेला. ती देवळाच्या पायरीवर दोनदा. मी ऐकत होते आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसत नव्हता. ज्याची मी तालुकाभर मिरवणूक काढली होती तो आकडा पहिल्या महिन्यातच खोटा पडला होता. अख्ख्या गावानं मिळून तो सांभाळला होता.

“पण का?” मी विचारलं. “मी काय कुणाला शिक्षा करणार होते?”

“मी खरं सांगितलं,” चंद्राबाई म्हणाल्या. “तुमी सगळ्या गावाम्होरं शून्य लिवलं. पाण्याला गेले तर पोरं म्हणायची, शून्यवाली आली. माझा नातूबी म्हणायचा. ते बघितल्यावर कोण सांगंल तुमास्नी?”

त्या शांतपणे बोलल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

अण्णांना कोल्हापूरला नेलं. सोमवारी ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. गुरुवारी दुपारी ते उठून बसले, दोन घोट पेज प्यायले आणि अचानक त्यांना श्वास लागला. पायात धरलेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. अर्ध्या तासात खेळ संपला. तिथल्या डॉक्टरांना मी विचारलं, पहिल्याच दिवशी आणलं असतं तर? माणूस सरळ होता, त्यानं सरळच सांगितलं. पाच दिवस न हलता पडून राहिल्यावर गाठ धरायची भीती फार असते. पहिल्या दिवशी आणलं असतं तर बहुधा वॉकर घेऊन घरी गेले असते. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. आपण एका माणसाला मारलं, हा एकच विचार डोक्यात घुमत होता. आजही कधीकधी घुमतो.

समितीच्या बाईंनी माझी तक्रार केली नाही. फोनवर एवढंच म्हणाल्या, फळा काढा आणि आता घरोघर जाऊन खरं विचारा, न रागावता. मी फळा काढला. वही घेतली आणि निघाले. म्हातारं माणूस असलेली चौसष्ट घरं होती. प्रत्येक घरात मी खाली जमिनीवर बसायचे आणि विचारायचे, गेल्या वर्षभरात कधी पडलात का? कुठे पडलात? कुणाला सांगितलंत का? पहिले दोन दिवस कुणी बोलेना. मग बोलायला लागले, आणि लागले ते थांबेनात. सात महिन्यांतल्या एकोणीस पडण्याच्या नोंदी माझ्या वहीत आल्या. दोघांचे चष्मे बदलले, चौघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कमी करून घेतल्या, एकाच्या बरगड्यांचा फोटो काढला तर दोन जुने मोड निघाले. नऊ दिवसांत त्रेसष्ट घरं झाली.

एका घरी मी गेले नाही. आक्काताईंना तोंड दाखवायची माझी हिंमत नव्हती. घरात दुःख आहे, कशाला त्रास द्यायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांच्या दारावरून जाताना मान खाली घालून झपाझप पावलं टाकायचे. असा महिना गेला.

मग एके दिवशी दुपारी आक्काताईच उपकेंद्रात आल्या. एकट्याच. कपाळ मोकळं, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या आणि पदराखालून उजवा हात काढून टेबलावर ठेवला.

मनगट वाकडं होतं. हाड मोडून तसंच आडवंतिडवं जुळून आलं होतं, बोटं सुजून जाड झाली होती. मी हात हातात घेतला तर त्यांनी ओठ दाबून धरले.

“हे कधी झालं?”

“त्याच मंगळवारी. त्येस्नी गोठ्यातनं उचलाय गेले, तर दोघंबी खाली.”

म्हणजे पाच दिवस त्या एका हातानं अण्णांचं सगळं करत होत्या. गुरुवारी माझ्यासमोर दार अर्धवट ओढून उभ्या होत्या, तेव्हाही. त्यानंतर दवाखाना झाला, अंत्यविधी झाला, घर माणसांनी भरून गेलं आणि तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लेकीच्याही नाही. विजयमालाला कसं कळलं नाही, असं मी विचारलं.

“बांगड्या उतरवल्या तवा मी वरडले,” आक्काताई म्हणाल्या. “बायकास्नी वाटलं, दुःखानं वरडती.”

मी तो हात तसाच धरून ठेवला.

“नंतर तरी सांगायचं, आक्काताई. मी गावभर तेच तर विचारत फिरत होते.”

“फिरत हुतासा. शेजारच्या सोप्यात बसून इचारलासा, ते मला भिंतीपल्याड सगळं ऐकू आलं. कुठं पडलासा, कुणाला सांगितलासा.” त्यांनी हात सोडवून घेतला नाही. “आता आमच्याकडं येतील म्हणून मी उठले, दार उघडलं, सतरंजी टाकली. तर तुमी म्होरल्या घरात गेलासा.”